अंग बाहेर येणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

हिंगोलीकडची बाई ‘अंग बाहेर येतं’ एवढंच सांगते, तेही जावेच्या कानात. बाळंतपणात सैल पडलेला ओटीपोटाचा तळ ओझ्यानं, जुनाट खोकल्यानं आणखी खचतो आणि गर्भपिशवी खाली उतरते. सुरुवातीला व्यायाम किंवा आत बसवायची रिंग पुरते. त्यानंही भागलं नाही तर ऑपरेशन. पण तरुणपणी पिशवी काढण्याची घाई नकोच! मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी पिशवीचं तोंड पट्टीनं मागे कण्याच्या तळाशी बांधण्याची पद्धत दिली. आता हेच काम दुर्बिणीतून, पोटावरच्या तीन-चार बारीक छेदांतून होतं. बाई लवकर घरी जाते. मात्र हंडा, सरपणाचा भारा दीड-दोन महिने बंद, हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगायला हवं.