विंचवाची भीती कोळ्याच्या माथी

श्रावण उतरणीला लागला की मुंबईत काळाचौकीच्या चाळींमध्ये झाडूंना लांब काठ्या बांधल्या जातात. गणपती यायचे असतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, देवांच्या तसबिरी भिंतीवरून उतरतात, पंख्याच्या पात्यांवरची आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागची वर्षभराची जळमटं निघतात. या साफसफाईत कुठल्या ना कुठल्या खोलीतून हमखास किंकाळी ऐकू येते. तसबिरीमागून तळहाताएवढा कोळी बाहेर पडलेला असतो. झुरळाला चपलेनं उडवणारी, घुशीमागे काठी घेऊन धावणारी माणसं त्याच्यापुढे दोन पावलं मागे सरतात.

हे कोडं मला फार मोलाचं वाटतं. याच वस्तीत उंदरांमुळे लेप्टो होतो, डासांमुळे मलेरिया आणि डेंग्यू होतो, झुरळं उघड्या अन्नावरून फिरतात. कोळ्यानं यातलं काहीच केलेलं नाही. तरी सगळ्यात मोठी दचक त्याच्या वाट्याला येते. ती आली कुठून?

आधी हा तसबिरीमागचा कोळी कोण, ते पाहू. त्याचं शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. पाय पसरले की दहा-बारा सेंटिमीटर भरतो. तो जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून शिकार करतो आणि झुरळं हा त्याचा आवडता घास. शरीर इतकं चपटं की तसबीर आणि भिंत यांच्यामधल्या बोटभरही नसलेल्या फटीत तो दिवसभर आरामात राहतो. मादी अंड्यांची पांढरी, गोल, चपटी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. आपल्याला दिसते ती धावत सुटलेली राक्षसी आकृती, पण खरं म्हणजे एक आई पिल्लं घेऊन लपायला जागा शोधत असते. माणसाच्या मालासोबत जहाजांतून हा कोळी जगातल्या बहुतेक उष्ण बंदरांत जाऊन स्थिरावला आहे.

तो धावतो कसा, ही तर थक्क करणारी गोष्ट आहे. आपले गुडघे वाकवायला एक स्नायू असतो आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायांतल्या मोठ्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. पाय लांब करायचा तर तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवतो, द्रव पायात शिरतो आणि पाय उलगडतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसंच. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी मिटलेले का असतात, याचं उत्तरही यातच आहे. दाब गेला, उरले फक्त वाकवणारे स्नायू.

आता त्या दचकीकडे वळू. 2017 साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये श्टेफानी ह्योल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळांना आईवडिलांच्या मांडीवर बसवून चित्रं दाखवली. काही चित्रांत फुलं होती, काहींत कोळी. कोळी समोर आला की बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या फुलांच्या वेळेपेक्षा जास्त मोठ्या व्हायच्या. बाहुली मोठी होणं म्हणजे मेंदू सावध होणं. सहा महिन्यांच्या बाळाला कोळ्याच्या गोष्टी कुणी सांगितलेल्या नसतात. बाहुली मोठी झाली म्हणजे बाळ घाबरलंच असं मात्र नाही. म्हणजे जन्मासोबत येते ती बहुधा फक्त सावधगिरी. तिची भीती व्हायला पुढे काहीतरी घडावं लागतं. आईची किंकाळी तेवढं काम चोख करते.

पण ही सावधगिरी तरी कोळ्याबद्दलच का असावी? कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती आजवर नोंदवल्या गेल्या आहेत. जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं, पण ते माशी-झुरळाला गार करण्यापुरतं. माणसाला खरा धोका असणाऱ्या जाती फारच थोड्या. मग उत्क्रांतीनं आपल्या मेंदूत ही घंटा कशासाठी बसवली?

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये याचं एक उत्तर सुचवलं. त्यांनी लोकांसमोर जिवंत कोळी, विंचू, कीटक ठेवले आणि कशाची किती भीती, किती किळस वाटते ते विचारलं. कोळी आणि विंचू दोघेही वरच्या रांगेत आले. जिथे विंचवानं कुणाला त्रास दिल्याचं ऐकिवात नाही, त्या देशातली ही माणसं. त्यावरून संशोधकांनी तर्क मांडला की माणसाची मूळ भीती विंचवाची असावी. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात आपले पूर्वज विंचवांच्या सोबतीनं राहत आले, त्यांच्या दंशानं मरतही आले. आठ पाय, जमिनीलगतची सरसर, अचानक दिशा बदलणं, हा साचा मेंदूत बसला आणि विंचवाचा चुलतभाऊ असलेला कोळी त्यात फुकट अडकला. अजून हा तर्कच आहे. मला तो पटतो, आणि पटण्याचं कारण प्रागमध्ये नाही, कोकणात आहे.

काळाचौकी, लालबाग, परळची निम्मी घरं मे महिन्यात आणि गणपतीत गावी जातात. गावच्या घरी कौलात, दगडी गडग्यात, भाताच्या पेंढ्यात लाल विंचू असतो. त्याचं विष शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर आणतं. रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलं तर काही तासांत जायची. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या. विंचू चावल्यावर मृत्यू कसा येतो याची त्यांची निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरलं. गंभीर रुग्णांमधलं तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या ज्या आजीनं विंचवानं गेलेलं पोर पाहिलं, तिनं आठ पायांचं काहीही दिसलं की नातवाला मागे ओढणं अगदी शहाणपणाचं होतं. नातू चाकरमानी झाला, काळाचौकीत आला. विंचू गावी राहिला, दचक सोबत आली.

कोळ्यावर लादलेला दुसरा आरोप रोगराईचा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी 1994 मध्ये असं मांडलं की युरोपियांच्या मनातली कोळ्याची भीती बरीचशी किळसेतून आली आहे. मध्ययुगीन युरोपात साथी पसरल्या, की कोळी अन्नपाणी विषारी करतात असं लोक मानायचे. दोषी दुसरेच होते, आणि प्लेगच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचं मोठं काम काळाचौकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर झालं. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग फुटला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच. पॉल-लुई सिमॉं यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं होतं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, पण त्यांच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नव्हता. 1905 पासून परळच्या आवारात प्लेग आयोगानं गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांनी पिसवेचा गुन्हा पक्का झाला. कोळ्याचा या साखळीत कुठेच हात नव्हता.

तिसरा आरोप आपला घरचा, आणि तो अजून चालू आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा हातावर लालभडक पट्टा दिसतो, जळजळतो, पाण्याचे फोड येतात. घरातलं मोठं माणूस बघताच सांगतं, “कोळी मुतला.” कोळी असं काही करत नाही, त्याला ते जमतच नाही. हे काम बहुतेक वेळा पेडेरस नावाच्या लांबट, केशरी-काळ्या भुंगेऱ्याचं असतं. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा किडा पावसाळी रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाकडे येतो आणि अंगावर उतरतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. आपण झोपेत त्याला चिरडतो, आणि त्याच्या रक्तातलं पेडेरिन हे रसायन कातडीवर ओघळतं. जिथे हात फिरला तिथे पट्टा उमटतो. कोपराच्या बेचक्यात लागलं तर हात मिटताच समोरच्या बाजूलाही तसाच डाग. यातली सर्वांत नवलाची बाब अशी, की पेडेरिन हा भुंगेरा स्वतः बनवत नाही. त्याच्या शरीरात वस्तीला असलेले जिवाणू ते बनवतात.

मग नाव कोळ्याचं का? फोड लगेच येत नाहीत, बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ जातो. तोवर भुंगेरा विस्मरणात गेलेला असतो. माणूस छताकडे पाहतो, कोपऱ्यात जाळं दिसतं, जाळ्यात कोळी दिसतो आणि निकाल लागतो. कित्येकदा तर तो फोड नागिणीचा असतो, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचा, आणि कोळ्याला दोष देण्याच्या नादात डॉक्टरकडे जायला उशीर होतो. म्हणून हे नीट समजून घेणं गरजेचं आहे. अंगावर तो केशरी-काळा किडा दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा, जागा साबणानं धुवा. फोड एकाच बाजूला पट्ट्यानं पसरत असतील, खूप दुखत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

आणि त्या छताच्या कोपऱ्यातला कोळी? लांब काटकुळ्या पायांचा, धक्का लागला की जाळ्यात गरगर हलणारा हा बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी. आपण ज्यांना जळमटं म्हणतो त्यांतली बरीचशी यानंच विणलेली असतात. थायलंडमध्ये घरांत केलेल्या अभ्यासात तो डेंग्यू पसरवणारे एडिस डास पकडून खाताना आढळला. याहून अजब एक नातेवाईक आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराकाठी राहतो. एव्हार्चा क्युलिसिव्होरा या कोळ्याला रक्त प्यायलेली डासाची मादीच हवी असते. त्याला माणसाला चावता येत नाही, पण आपलं रक्त डासाकडून त्याच्यापर्यंत पोचतं. जगभरचे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा 2017 सालचा अंदाज आहे. यात बहुतांश कीटक.

खिडकीच्या गजावर दुपारी उड्या मारणारा, नखाएवढा करडा कोळी तुम्ही पाहिला असेल. त्याच्याजवळ बोट न्या. तो वळून तुमच्याकडे पाहील, खरोखर पाहील. त्याला आठ डोळे आहेत. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, समोरचे दोन मोठे डोळे बारकावे पाहतात. त्यांची भिंगं हलत नाहीत, आतला दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे सरकतो. म्हणजे शरीर स्थिर ठेवून तो तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळू शकतो. उडी मारण्याआधी तो एक धागा चिकटवून घेतो, चुकला तर त्याच धाग्यावर लटकून परत येतो.

अशा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या जाती मुंबई परिसरात अजून सापडत आहेत. आरे कॉलनीत सापडलेल्या एकीला वन अधिकारी सुनील लिमये यांचं नाव दिलं गेलं. 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या एका जातीचं नाव ठेवलं गेलं आयसियस तुकारामी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी हातानं धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ. एवढ्याशा जिवाला इतकं मोठं नाव देणाऱ्या संशोधकांचा मला फार आदर वाटतो.

ज्यांना कोळ्याची खरोखर जीवघेणी भीती वाटते त्यांची चेष्टा करू नका. तो आजार आहे आणि तो बरा होतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी दाखवून दिलं की प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीनं, पायरीपायरीनं कोळ्याजवळ गेल्यास बऱ्याच जणांची भीती तीनेक तासांच्या एकाच बैठकीत आटोक्यात येते. लहान मुलांच्या बाबतीत तर उपाय त्याहून सोपा आहे. तुम्ही किंचाळू नका.

भारतातले सगळेच कोळी निरुपद्रवी आहेत असं मी म्हणणार नाही. सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या केसाळ, मोठ्या कोळ्यांचा चावा दुखतो, स्नायूंत पेटके आणतो, त्यांना हात लावू नये. आपल्या खोलीतले मात्र दाबल्याशिवाय चावत नाहीत. नको असेल तर त्याच्यावर काचेचा पेला पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि त्याला गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये सोडा. त्याआधी मोबाइलवर एक स्पष्ट फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा आणि कोळ्यांच्या अभ्यासकांपर्यंत पोचवा. या महानगरातल्या कोळ्यांची यादी अजून पुरी व्हायची आहे.