‘लिटरली’ची नोंद आणि कोशकारांवरचा राग

इंग्रजीत ‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः. पण ‘हसून हसून लिटरली मेलो’ म्हणणारा माणूस धडधाकट असतो; तिथे शब्द नुसता जोर देतो. हा दुसरा अर्थही ऑक्सफर्डच्या कोशात आहे, हे २०१३ साली लोकांच्या ध्यानात आले आणि कोशकारांनी नव्या पिढीपुढे हात टेकले अशी ओरड झाली. वास्तविक ही नोंद २०११ मध्येच झालेली होती. दोन वर्षांत भाषेवर आभाळ कोसळले नव्हते. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टरच्या बृहत्कोशात तर ती १९०९ पासून आहे. वापर त्याहूनही जुना. ऑक्सफर्डने दिलेला पहिला दाखला १७६९ सालच्या, फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या कादंबरीतला आहे. ‘नवी पिढी’ फारच म्हातारी निघाली म्हणायची!

अर्थ कोशात येतो तो कोशकाराच्या आवडीने नव्हे, दाखल्यांच्या जोरावर. पूर्वी हे दाखले कागदी चिठ्ठ्यांवर उतरवत, आता संगणकावरच्या अफाट मजकुरातून काढतात. वापर एकाच लेखकाचा की सर्वदूरचा, वर्षानुवर्षे टिकलेला की हंगामी, एवढे पाहायचे. भाषेला लगाम घालणे कोशकाराच्या हाती नसतेच: इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७४७ मध्ये आपल्या कोशाचा आराखडा मांडला तेव्हा इंग्रजी स्थिर करण्याची उमेद धरली होती. १७५५ च्या प्रस्तावनेत ती फोल असल्याचे त्यानेच कबूल केले.

मग पुष्कळांनी केलेली चूक आपोआप शुद्ध ठरते का? तसे नाही. या अर्थाला अनेकांचा आक्षेप आहे, हेही दोन्ही कोश तिथेच नोंदवतात. तरी आक्षेपात तथ्य आहे: लोक कोशाला न्यायाधीश मानतात, त्यामुळे नुसत्या नोंदीनेही शब्दाचे वजन वाढते. पण त्या भीतीने अर्थ गाळला, तर ब्रूकबाईंचे वाक्य अडलेल्या वाचकाने जायचे कुठे? उलटसुलट अर्थांनी घोटाळा होईल, ही भीती मराठी माणसाने तरी बाळगू नये. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत कुणाची गल्लत होत नाही, क्रियापद सगळे सांगते. आणि पावसाने शहराला ‘अक्षरशः झोडपले’ असे वाचून पावसाच्या हातात काठी कुणालाच दिसत नाही.