यशवंती घोरपडीची उलटतपासणी

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उमरठ नावाचे लहानसे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव. कोंढाणा घेताना ते पडले, तेव्हा त्यांचा देह घाट उतरून येथे आणला असे सांगतात. ज्या वाटेने तो आणला तिला लोक आजही ‘मढे घाट’ म्हणतात. उमरठला तानाजींची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे आणि दर वर्षी माघ वद्य नवमीला लोक तेथे जमतात.

या लढाईची कथा तुम्ही इयत्ता चौथीपासून ऐकत आला आहात. तिच्यातले एक पात्र मात्र माणूस नाही. ते म्हणजे यशवंती ही घोरपड. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी तिला पेटाऱ्यातून बाहेर काढतात, तिची पूजा करतात, कमरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडतात. यशवंती अर्ध्यातून परत फिरते. तानाजी संतापून तिला मारून खाण्याचा धाक घालतात. मग ती चढते, कड्याच्या माथ्यावर नखे रोवते आणि दोराला धरून मावळे वर जातात.

भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच: ‘सर, घोरपड खरेच माणसाचे वजन पेलते का?’ काही जणांना असे विचारणेही आवडत नाही. कथेवर शंका म्हणजे पराक्रमावर शंका, असे त्यांना वाटते. पण खुनाच्या खटल्यात एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी झाली म्हणून खून झालाच नाही, असे कोणी म्हणत नाही. कोंढाणा घेतला गेला, तानाजी पडले, हे पक्के आहे. तपासायची आहे ती फक्त यशवंतीची साक्ष.

प्रथम कागद पाहू. छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे बखर लिहिली. लढाईला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. त्याच्या सांगण्याप्रमाणे तानाजींनी दोन चांगले मावळे निवडून काढले आणि रात्री त्यांना कड्यावरून चढविले. ते वानरासारखे चढून गेले. वर पोहोचल्यावर त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी लावली आणि तिच्यावरून तीनशे माणसे गडावर गेली. या हकिकतीत घोरपड कोठेच नाही. ती आहे ती पोवाड्यात.

तारखेचे गणित करून पाहण्यासारखे आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख असते. ती त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या जुन्या पंचांगातली आहे. आजच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १४ फेब्रुवारी येतो. चंद्राच्या २९.५३ दिवसांच्या फेऱ्या आजपासून मागे मोजत गेलो, तर त्या दिवशी वद्य नवमीच येते. म्हणजे तिथीची साक्ष खरी ठरली. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा. नऊ दिवसांत हा उशीर साडेसात तासांचा होतो. तेव्हा नवमीच्या रात्री मध्यरात्र चांगली उलटेपर्यंत काळोख असणार. छाप्यासाठी रात्र विचार करून निवडली होती, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या एका समजुतीचे मात्र असे होत नाही. या लढाईनंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले असे आपण म्हणतो, पण १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेले आहे. लोककथेतले सगळे खरे नसते आणि सगळे खोटेही नसते. एकेक गोष्ट वेगळी तपासावी लागते.

दोराचे वजन

आता यशवंतीकडे वळू. आपल्याकडची घोरपड मोठ्यात मोठी पावणेदोन मीटर लांब भरते आणि त्यातही निम्म्याहून अधिक शेपटीच असते. वजन फार तर सात किलोग्रॅमच्या आसपास. बहुतेक घोरपडी याहून बऱ्याच लहान असतात. आपण यशवंतीला पूर्ण सात किलोग्रॅम देऊ.

तिच्या कमरेला दोर बांधायचा आहे. हाताच्या पकडीत नीट बसेल आणि माणसांची ये-जा सोसेल असा दोर २ सेंटिमीटर व्यासाचा तरी हवा. त्याच्या एक मीटर तुकड्याचे घनफळ सुमारे ३१४ घनसेंटिमीटर. तागाचा किंवा अंबाडीचा पीळदार दोर घेतला आणि पिळांमधली हवा जमेला धरली, तर एका घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम धरू. म्हणजे मीटरला साधारण २८० ग्रॅम. कड्याचा उभा भाग ३० मीटर मानला तर दोर झाला ८.४ किलोग्रॅमचा. एकही मावळा दोराला लटकण्यापूर्वी नुसता दोरच घोरपडीपेक्षा जड झाला! घरी विहिरीचा दोर असेल तर तो तराजूत घालून पाहा. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, निष्कर्ष बदलणार नाही.

कोणी म्हणेल, दोर बारीक घ्या. अर्धा सेंटिमीटर व्यासाची सुतळी घेतली तर व्यास चौपट कमी, म्हणून वजन सोळापट कमी. ३० मीटरला अर्धा किलोग्रॅमच. एवढे ओझे यशवंती खुशाल ओढील. पण मग खरी अडचण वरच्या टोकाला येते. तेथे सुतळी झाडाला किंवा खडकाला बांधायला कोणी नाही. सगळा भार घोरपडीच्या नखांवरच.

येथे तिच्या बाजूने एक मुद्दा मांडला पाहिजे. लहान प्राणी आपल्या वजनाच्या मानाने जास्त बळकट असतात. मुंगी स्वतःच्या अनेकपट वजन उचलते हे तुम्ही पाहिले आहे. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. लांबी निम्मी केली तर बळ चौपट घटते, पण वजन आठपट घटते. म्हणून वजनाच्या मानाने बळ दुप्पट होते. साठ किलोग्रॅमचा माणूस आणि सात किलोग्रॅमची घोरपड यांच्या वजनांचे गुणोत्तर साडेआठच्या वर आहे आणि त्याचे घनमूळ जवळजवळ दोन. तेव्हा घोरपड वजनाच्या मानाने माणसाच्या दुप्पट बळकट मानायला हरकत नाही. एखादा तालीमबाज गडी कड्याला लोंबकळून पाठीवर दुसरा गडी घेऊ शकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार पेलतो, असे उदारपणे धरू. मग घोरपड चौपट पेलील. त्यात तिचे स्वतःचे वजन आले. उरले तिप्पट, म्हणजे २१ किलोग्रॅम. सातवीतला एखादा किरकोळ मुलगासुद्धा यात बसत नाही. शिवाय दोरावर चढणारा माणूस स्थिर नसतो. तो वर झेपावतो तेव्हा दोरावरचा ताण त्याच्या वजनाहून वाढतो (न्यूटनचा दुसरा नियम आठवा). साठ किलोग्रॅमचा गडी झटक्याझटक्याने चढला, तर वरच्या टोकाला क्षणभर नव्वद किलोग्रॅमचा भार सहज पोहोचेल.

आणखी एक गोष्ट. घोरपड दिवसा हिंडणारा प्राणी आहे. तिच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण होत नाही. सकाळी उन्हात पडून अंग ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की मग ती चपळ होते. फेब्रुवारीच्या मध्याला पुण्याच्या बाजूला पहाटे बारा-तेरा अंश तापमान असते. दहा अंशांनी तापमान उतरले की शरीरातल्या रासायनिक क्रिया साधारण निम्म्यावर येतात, असा ठोकताळा आहे. वीस अंशांनी उतरले तर पाव. यशवंती अर्ध्यातून परत फिरली हे पोवाड्यातले वर्णन त्या मानाने फारच खरे वाटते! अर्थात तिला पेटाऱ्यात उबेला ठेवले असेल असा बचाव करता येईल. म्हणून या मुद्द्यावर मी फार भर देत नाही. वजनाचे गणित पुरेसे आहे.

बाटलीतले बूच

मग ही कथा निघाली कोठून? खेड्यातली माणसे प्राण्यांकडे बारकाईने पाहतात. त्यांनी पाहिलेले सहसा खोटे नसते. घोरपडीच्या मागे कुत्रे लागले की ती कातळाच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत शिरते. नखे रोवते, श्वास भरून अंग फुगविते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना अशी दाबून बसते की धडधाकट माणसाने शेपूट धरून ओढली तरी ती निघत नाही. हे निरीक्षण अगदी खरे आहे. तमिळ भाषेत न सुटणाऱ्या पकडीला ‘उडुंबू पिडी’, म्हणजे घोरपडीची पकड असे म्हणतात.

पण ही पकड कशाची? बाटलीत घट्ट बसविलेले बूच ओढायला बळ लागते. तेच बूच टेबलावर ठेवले तर फुंकरीने उडते. घर्षणाचे बल पृष्ठभागांमधल्या दाबावर ठरते. फटीत घोरपड दोन भिंतींना रेटते आणि त्या भिंती तिला उलट रेटतात. या दाबामुळेच घर्षण एवढे वाढते. उघड्या कड्यावर रेटायला दुसरी भिंतच नसते. फुगून काही उपयोग नाही, राहतात ती नुसती नखे. पाहिलेली गोष्ट खरी, फक्त ती फटीतून उचलून कड्याच्या माथ्यावर नेऊन ठेवली. खोट्या साक्षीदारापेक्षा असा साक्षीदार तपास अधिकाऱ्याला जास्त दमवितो.

ही कल्पना एकट्या कोंढाण्याचीही नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावाची हकिकत अशी सांगतात की, बहामनी काळात त्यांचा पूर्वज घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ल्यावर, म्हणजे आजच्या विशाळगडावर चढला. हा काळ तानाजींच्या आधी सुमारे दोनशे वर्षांचा. शिवाय चोर घोरपडीला दोर बांधून माड्यांवर चढतात, ही गोष्ट तर देशात ठिकठिकाणी ऐकू येते. एकच युक्ती कधी सरदाराच्या नावावर, कधी चोराच्या नावावर! कथा अशा गावोगाव हिंडतात आणि जेथे मोठी घटना घडली असेल तेथे वस्तीला राहतात. यशवंती हा लोखंडी आकडा असावा किंवा घोरपडे आडनावाचा माणूस असावा, असेही तर्क केले जातात. ते ऐकायला बरे, पण पुरावा त्यांनाही नाही.

सभासदाने सांगितलेले दोन मावळे मात्र शक्य कोटीतले आहेत. सह्याद्रीचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बेसॉल्ट. कठीण थरांचे उभे कडे होतात. मधले मऊ पट्टे झिजून आडव्या कपारी पडतात. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे उभ्या भेगाही पडलेल्या असतात. अनवाणी चालून तळवे राठ झालेल्या माणसाला त्या कपारी म्हणजे अवघड का होईना, पायऱ्याच. आणि उभ्या भेगेत काय करतात? आजचे गिर्यारोहक तिच्यात पंजा घालतात आणि मूठ आवळतात. मूठ फुगते, दोन्ही बाजूंना दाबून बसते आणि तिच्यावर सगळे शरीर तोलता येते. म्हणजे घोरपडीचीच युक्ती. काळोखात, खाली दरी आणि वर पहारा असताना त्या दोघांनी ते केले. सभासदाने त्यांची नावे दिलेली नाहीत. पोवाड्यात त्यांची जागा यशवंतीने घेतली आहे. मला ती थोडी परत द्यावीशी वाटते.

आजचे गुन्हे

घोरपडीच्या पकडीवरचा हा विश्वास नुसता पोवाड्यात राहिला असता तर कोणाचे बिघडले नसते. पण तिचे मांस खाल्ले की कंबर घट्ट होते, तिच्या चरबीच्या तेलाने सांधे सुटतात, अशा समजुतींपायी ती मारली जाते. याला शास्त्रीय आधार नाही. तिच्या कातड्याने दिमडी मढविण्याची प्रथाही जुनी. सर्वांत चमत्कारिक प्रकार ‘हत्थाजोडी’चा. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही वाळकी वस्तू दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जात असे. घरात ठेवली की धनलाभ होतो, असे विकणारे सांगत. २०१७ साली वन्यजीवरक्षकांनी हा व्यापार उघडकीला आणला. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा ते मूळ नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय निघाले. लोक देवघरात काय ठेवून पूजत होते ते पाहा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला बसविले आहे. तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड होतो. खरे तर उंदीर, किडे, खेकडे आणि मेलेली जनावरे खाऊन ती शेतकऱ्याचे कामच करते.

पावसाळ्यात एखादी घोरपड गोठ्यात किंवा घरात शिरलीच, तर गर्दी हटवा, कुत्री बांधून ठेवा आणि बाहेर जायची वाट मोकळी सोडा. गेली नाही तर महाराष्ट्र वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. ती भिंतीच्या फटीत शिरून बसली असेल तर शेपूट धरून ओढण्याच्या फंदात पडू नका. निघणार नाही. का, ते वर आलेच आहे.