शेतात उतरलेले विमान

२५ जुलै २०२२, सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एका शेतात दोन आसनांचे सेसना १५२ विमान कोसळले. आत २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक मुलगी एकटीच होती. बारामतीहून ती एकटीने लांबच्या उड्डाणास निघाली होती. विमानतळ सुमारे १५ मैलांवर असताना इंजिनाची शक्ती गेली, अशी प्राथमिक माहिती तेव्हा देण्यात आली. गावकरी धावले. विमान मोडले, पण मुलगी किरकोळ जखमांवर निभावली.

वाचकहो, असे काही घडले की चाळीच्या नळावर ठरलेले वाक्य ऐकू येते, 'पोरीच्या जातीला हे उद्योग सांगितलेत कुणी?' तेव्हा अशा वेळी वैमानिकाला काय करावे लागते, ते आधी समजून घेऊ.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येत नाही. वेग आहे तोवर पंख त्याला तोलून धरतात. सेसनासारखे विमान हजार फुटांवरून दोन-अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकते. त्यासाठी नाक थोडे खाली ठेवून ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग राखावा लागतो. आणि नेमके हेच भीतीच्या उलट आहे! जमीन जवळ येताना हात आपोआप नाक वर ओढू पाहतो. तसे केले की वेग मरतो, पंखांवरची हवा सुटते आणि विमान खरोखरच कोसळते. त्याच दोन-तीन मिनिटांत विजेच्या तारा, झाडे, विहिरी टाळून मोकळे रान शोधायचे. त्यातून जुलैचा चिखल असला तर चाक रुतून विमान उलटण्याचे भय असतेच. पुस्तकात हे सारे असते. पण शेजारच्या खुर्चीत शिक्षक नसताना ते आठवणे वेगळे.

सर्वांचेच नशीब असे नसते. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळले. शिक्षक आणि शिकाऊ मुलगी दोघेही गेले. त्याच वर्षी १९ आणि २२ ऑक्टोबरला, चार दिवसांत दोनदा, बारामती परिसरात एकाच संस्थेची विमाने पडली. तेव्हा महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबविले. म्हणजे प्रत्येक वेळी बोट शिकणाऱ्या पोराकडेच दाखवून चालणार नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते आणि खर्च लाखांत जातो. आईबाप दागिने मोडतात, कर्ज काढतात. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. विमाने किती, त्यांतली आज उडण्याजोगी किती, देखभालीला परवानाधारक अभियंते किती, मागच्या वर्षी अपघात झाले का आणि चौकशीत काय निघाले, हेही कार्यालयात बसूनच विचारावे. उत्तर देताना समोरचा चिडला, तर पैसे खिशातच ठेवावेत.