खंड्याची निळाई
चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत दिसणाऱ्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी आजही खंड्या भेटतो. तपकिरी डोकं, पांढरा गळा, लाल चोच आणि पाठीवर झगझगीत निळा. गंमत म्हणजे त्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. आतल्या अतिसूक्ष्म, सच्छिद्र रचनेतून निळा प्रकाश तेवढा परत फेकला जातो. ती झळाळी जलरंगात पुरती उतरत नाही. न उतरो! रंगवण्यात रमणंही मनाला हलकं करू शकतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटं कलेत रमू दिलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. हात सरावलेला असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. अभ्यास तसा छोटाच. तरी रंगपेटी काढाच. फक्त निळा वाळल्याशिवाय चोचीच्या लालला हात लावू नका, जांभळे ओघळ येतात.