घरच्या संगणकावर गीतांची साथसंगत : सॉफ्टवेअर कसे निवडावे?



नंदुरबार जिल्ह्यात मराठीबरोबरच भिली, मावची, पावरी अशा बोलींचा वारसा आहे आणि ढोल-बासरीची परंपराही जुनी आहे. तरीही गीताच्या सरावासाठी प्रत्येक गावी पेटीवादक किंवा ढोलकीवादक मिळेलच असे नाही. अशा वेळी घरच्या संगणकावर साथसंगत तयार करून सराव करता येतो. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

या सॉफ्टवेअरचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर स्वतःच साथ निर्माण करते. कॅनडातील पीजी म्युझिक या कंपनीचे, १९९० साली आलेले ‘बँड-इन-अ-बॉक्स’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. गीताचे कॉर्ड, पट्टी, लय आणि शैली सांगितली की ते पियानो, गिटार, बास व ड्रम्स यांची साथ वाजविते. पाश्चात्त्य चालीच्या गीतांना ती शोभून दिसते. परंतु आपली पुष्कळ गीते कॉर्डवर नव्हे, तर षड्ज आणि ठेका यांवर उभी असतात. त्यांवर कॉर्ड बळेच लादले, तर चालीचा मूळ भाव हरपतो. ८ मात्रांचा केरवा किंवा ६ मात्रांचा दादरा असलेल्या गीतास तबला-तानपुऱ्याचे साधे मोबाईल ॲपही पुरेसे ठरते.

दुसऱ्या प्रकारात आपण वाजविलेले संगीत ध्वनिमुद्रित करून त्याची जुळणी केली जाते. २००० साली प्रथम उपलब्ध झालेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ‘गॅरेजबँड’ मात्र केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते. गावातील ढोलवादकाची काही आवर्तने एकदा नीट मुद्रित करून घेतली, तर तीच पुनःपुन्हा जोडून पूर्ण गीताची साथ तयार होते. आपला स्थानिक ठेका जपण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.

निवड करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सॉफ्टवेअर इंटरनेटविना चालते काय? लय न बदलता पट्टी, आणि पट्टी न बदलता लय बदलता येते काय? सर्वसाधारणपणे पुरुषांना काळी एक, तर स्त्रियांना काळी चार किंवा पाच सोयीची पडते. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. तयार झालेली साथ साध्या ध्वनिफाईलच्या रूपात मोबाईलवर घेता येते काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच पैसे खर्चावेत, आणि तेही आधी विनामूल्य आवृत्ती वापरून पाहिल्यावर.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने उपासनेत यांत्रिक संगीतास मनाई केली; मात्र भाविकांना गीते शिकविण्यासाठी अशा साधनांचा वापर करण्यास मुभा दिली. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान देण्यास सांगितले. या दोन्ही गोष्टींतील मर्म एकच : साथ यंत्राने शिकवावी, गीत मात्र माणसांनी गावे. घरी संगणकावर ठेका पक्का करणारा एखादा मुलगा उद्या वेदीसमोर स्वतः ढोलकी घेऊन बसला, तर आपली निवड योग्य ठरली असे समजावे.