दृश्यवैभव आणि कथा : 'अवतार'चा दुसरा भाग

'अवतार'नंतर (२००९) १३ वर्षांनी प्रदर्शित झालेल्या जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार : द वे ऑफ वॉटर' (२०२२) या १९२ मिनिटांच्या विज्ञानपटात 'परफॉर्मन्स कॅप्चर', म्हणजे अभिनेत्याच्या हालचाली व मुद्रा टिपून त्या संगणकनिर्मित पात्रावर चढवण्याचे तंत्र, प्रत्यक्ष पाण्याखाली वापरले गेले. वरचा प्रकाश पाण्यात शिरून नोंदी बिघडवू नये म्हणून टाकीचा पृष्ठभाग तरंगत्या छोट्या गोळ्यांनी झाकण्यात आला, आणि बुडबुड्यांचाही अडथळा होत असल्याने कलावंतांनी श्वास रोखून अभिनय केला. या कामगिरीला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. तथापि कुटुंबाचे स्थलांतर आणि जुन्याच खलनायकाचा सूड हे कथासूत्र अनेक समीक्षकांना पहिल्या भागाची पुनरावृत्ती वाटले. याउलट कॅमेरॉन यांच्याच 'टर्मिनेटर २' (१९९१) या उत्तरभागात संगणकनिर्मित दृश्ये जेमतेम ५ मिनिटांची असली, तरी द्रवधातूचा मारेकरी यंत्रमानव टी-१००० मनोरुग्णालयातील गजांमधून आरपार जातो आणि त्याच्या हातातले पिस्तूल मात्र गजांत अडकते, तेव्हा तंत्राची चमत्कृती आणि पाठलागाचा ताण ही दोन्ही एकाच क्षणात प्रेक्षकापर्यंत पोहोचतात.